कोचची चौकशी

धनंजय शिगवणच्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा ज्या वर्षी मोडला, त्या वर्षाची, म्हणजे २०२३ सालची ही गोष्ट. मुलगा मस्कतला इंजिनीयर आहे असे सांगण्यात आले होते. मस्कत खरे निघाले, इंजिनीयर खोटे निघाले, आणि मस्कतमध्ये त्याची एक बायकोही निघाली.

धनंजयचे वडील गणपतराव दापोलीजवळच्या आपल्या गावात बावीस वर्षे पोलीस पाटील होते. आजूबाजूच्या सात गावांतले कुठलेही स्थळ त्यांना विचारल्याशिवाय पक्के होत नसे. मुलगा पितो का, भावाभावांत बोलणे आहे का, विहीर सामाईक आहे का, सगळे त्यांच्या जिभेवर असायचे. आणि स्वतःच्या मुलीच्या वेळी त्यांनी फोनवरचा फोटो पाहून मान हलवली होती. "फोटोत पोरगा बरा दिसत होता," एवढेच ते नंतर म्हणत.

नोव्हेंबरात साठ दिवसांच्या व्हिसावर ते शारजाला, अल नहदातल्या मुलाच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आले. आल्या आल्या त्यांनी जाहीर केले, "चौकशी केल्याशिवाय या घरात आता काडी हलायची नाय."

पहिली काडी हलवली ती नातीने. संजना अकरा वर्षांची होती आणि तिला बेसबॉल खेळायचा होता. शनिवारी तिची ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी, झाली. 'ड्यून लोकस्ट्स' नावाच्या मुलामुलींच्या संघात बारा जागा होत्या. अकरा भरल्या होत्या आणि बारावी तिला देऊ केली होती. घरून भरलेला फॉर्म गुरुवारी संध्याकाळी आठच्या आत कोचकडे पोचला नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार होती. तो पुढचा मुलगा तिच्याच वर्गातला तनिष होता. हे संजनाने घरात रोज सरासरी नऊ वेळा सांगितले.

"लोकस्ट म्हणजे काय?" गणपतरावांनी विचारले.

"टोळ," धनंजय म्हणाला.

"पोरांच्या टीमला टोळाचं नाव? कोणी ठेवलं?"

"आजोबा, इट्स जस्ट अ नेम!"

"बरं. आणि टोळ जाणार कुठे?"

इथे धनंजय चाचरला. हा ट्रॅव्हल संघ होता, म्हणजे गावोगावी स्पर्धेला जाणारा. डिसेंबरात तीन रात्रींचा दौरा होता. आईवडील बरोबर नाहीत, फक्त कोच आणि एक बाई.

"कुठे?" गणपतरावांनी पुन्हा विचारले.

"मस्कतला," धनंजय म्हणाला.

गणपतराव खुर्चीवरून उठले आणि बाल्कनीपर्यंत जाऊन परत आले. मग पुन्हा गेले. त्या दिवसापासून ते असेच हॉलमध्ये फिरत राहिले.

धनंजयही काही कमी नव्हता. तो अल क्वोजमध्ये एसीचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत होता. नव्या पुरवठादाराकडून माल घ्यायचा की नाही हे तो ठरवायचा. त्यासाठी त्याच्याकडे बेचाळीस प्रश्नांचा छापील फॉर्म होता. घरचे वॉशिंग मशीनसुद्धा त्याने तो फॉर्म भरून घेतले होते. त्यात चार महिने गेले आणि त्याची बायको ममता हिने चार महिने हाताने कपडे धुतले. आता त्याने अमिरातीतल्या चार बेसबॉल कार्यक्रमांचा तक्ता केला. एकाची फी नऊ हजार दिरहॅम होती. "म्हणजे दोन लाख रुपये!" तो मोठ्याने म्हणाला आणि त्या रकान्यावर लाल रंग भरला. दुसऱ्याच्या वेबसाइटवर मैदानाचे फोटो होते, पण मैदानामागे बर्फाचे डोंगर दिसत होते. तिसऱ्याचा फोन कोणी उचलला नाही. राहिले टोळ. त्यांचा कोच सॅव्हियो हा वसईचा. वय तीस, लग्न नाही, आठवडाभर हॉटेलच्या रिसेप्शनवर नोकरी, सुट्टीच्या दिवशी बेसबॉल. शाळेत असताना महाराष्ट्राकडून सॉफ्टबॉल खेळलेला.

"कागदावर ठीक वाटतोय," धनंजय म्हणाला.

"मस्कतवालाही कागदावर ठीक होता," गणपतराव म्हणाले. "तुझ्या तक्त्याला माणूस कळतो का? माणसाबद्दल माणसालाच विचारायला लागतं."

"मग त्यालाच फोन करू या."

"त्याला?" गणपतरावांना हसू आले. "अरे, ज्याची चौकशी त्याला कधी विचारतात का? तो चांगलंच सांगणार. आधी वॉचमन, मग शेजारी, मग घरातली बाई. मुलगा सगळ्यात शेवटी."

स्वयंपाकघरातून ममताने डोके बाहेर काढले. ती काहीतरी बोलणार होती. पण सासरे कपाटातून पांढरा शर्ट काढून इस्त्री शोधत होते. तिने इस्त्री दिली आणि पुन्हा आत गेली.

मंगळवारी संध्याकाळी आजोबा, बाप आणि नात असे तिघे दुबईतल्या अल कुसैसला निघाले. क्लबच्या कागदावर सॅव्हियोचा पत्ता होता. धनंजय ऑफिसातून थेट आलेला, त्यामुळे कंपनीचे चिन्ह असलेला शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात पुठ्ठ्याच्या क्लिपला लावलेला बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म. गणपतराव कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, पाठीमागे हात बांधून. पोलीस पाटील असल्यापासून त्यांना इमारतीकडे खालून वर, मजले मोजत बघायची सवय होती.

"आय ॲम नॉट गेटिंग डाउन," संजना गाडीतून म्हणाली. "पपा, ही इज जस्ट अ कोच. यू आर सो एम्बॅरसिंग."

"बस तू. तुझ्यासाठीच चाललंय."

दाराशी इद्रीस नावाचा वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. त्याने आधी ओळखपत्र पाहिले, मग क्लिपमधला कागद, मग मजले मोजणारा म्हातारा. तो उभा राहिला.

"तीनसो चार नंबर में," गणपतरावांनी सुरुवात केली, "घर में आदमी कितना है?"

इद्रीसने खुर्ची मागे सारली. "फॅमिली है, साहब. सिर्फ फॅमिली."

"व्हय, पण कितना? कमानेवाला कितना, खानेवाला कितना?"

"सब फॅमिली है, साहब."

"मुलगा अलग कमरे में सोता है, या सबके साथ?"

इथे शारजा-दुबईत न राहिलेल्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. या भागात पुष्कळ फ्लॅटमध्ये प्लायवूडच्या भिंती घालून एका खोलीच्या तीन करतात आणि एकटी माणसे तिथे खाट भाड्याने घेऊन राहतात. नगरपालिकेला ते चालत नाही. त्यामुळे ओळखपत्र घातलेला माणूस दाराशी येऊन 'घरात किती जण झोपतात' असे विचारू लागला, की तो कोण हे कोणी विचारत बसत नाही.

"एक मिनट, साहब, रजिस्टर में नाम लिखिए," इद्रीस म्हणाला, आणि गणपतराव लिहीत असताना त्याने पाठ फिरवून फोन लावला. "यल्ला, यल्ला! आ गये हैं. हाँ, अभी. खलास."

गणपतरावांनी रजिस्टरमध्ये मराठीत, वळणदार अक्षरांत पूर्ण नाव लिहिले, हुद्दा लिहिला, अल नहदाचा पत्ता आणि फ्लॅट नंबर लिहिला आणि सही केली. बावीस वर्षांत त्यांनी कुठलाही रकाना रिकामा सोडला नव्हता.

वरून धाडधाड आवाज येऊ लागले. लिफ्ट तिसऱ्यावर अडकून राहिली. जिन्यावरून एक माणूस गुंडाळलेली गादी खांद्यावर घेऊन उतरला. "सलाम अलैकुम," म्हणून घाईने निघून गेला. त्याच्यामागे दुसरा गादी घेऊन. तिसऱ्याच्या हातात गादी, कुकर आणि पंखा होता. चौथा नुसताच पळाला.

"घरात पाहुण्यांचा राबता मोठा दिसतो," गणपतराव खूश होऊन म्हणाले. "लिहून घे."

धनंजयने लिहून घेतले.

तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर दार उघडायला चार मिनिटे लागली. दारात सॅव्हियोची मावशी मिल्ड्रेड उभी होती. कपाळावर घाम, केसांत प्लायवूडचा भुसा.

"ओन्ली फॅमिली, सर," ती विचारण्याआधीच म्हणाली. "मी आणि माझा हजबंड."

"अरे, मराठी माणसं!" गणपतराव म्हणाले. "बरं झालं."

मिल्ड्रेडचा चेहरा आणखी उतरला. आता नगरपालिकेने मराठी येणारेही ठेवले, म्हणजे बोलून निसटायची सोय राहिली नाही.

"सॅव्हियो इथेच राहतो ना?"

"कोण सॅव्हियो?"

"तुमचा भाचा. बेसबॉलवाला."

"हां, तो! तो नाही इथे राहत. तो वसईला गेला."

"कधी?"

"आत्ताच."

"परत कधी येणार?"

"नाही येणार तो आता. कायमचा गेला. व्हिसा कॅन्सल, सगळं कॅन्सल."

गणपतरावांनी तिच्या खांद्यावरून आत पाहिले. दोन माणसांच्या घरात बेसिनवर अकरा टूथब्रश होते. खाली येताना ते म्हणाले, "बाई काहीतरी लपवते आहे. कोच पळाला आहे, धनू. पोरांचे पैसे घेऊन पळाला असेल."

"बाबा, पण शनिवारी तर मैदानावर होता."

"मस्कतवाला साखरपुड्याला पण होता."

गाडीत संजनाला कळले तेव्हा ती म्हणाली, "दॅट्स इम्पॉसिबल. ही लाइक्ड माय पोस्ट टुडे." पण मोठी माणसे विचारात होती.

धनंजय जबाबदार पालक होता. ट्रायआउट झालेल्या सगळ्या मुलांच्या आईवडिलांचा एक ग्रुप होता. त्यावर त्याने रीतसर मजकूर टाकला: कुटुंबातील विश्वसनीय सूत्रांनुसार कोच कायमचे देश सोडून गेले आहेत, तरी सर्वांनी योग्य ती खबरदारी घ्यावी. ऑफिसची सवय म्हणून खाली 'आपला विश्वासू' लिहिले.

बुधवारी सकाळपासून ग्रुप पेटला. सॅव्हियोला लोकांनी फोन केले, पण हॉटेलात ड्यूटीवर मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. फोन वाजत राहिला, कोणी उचलेना, म्हणून बातमी खरी ठरली. 'हबीबी, वी आर आउट,' एकाने लिहिले. मग दुसऱ्याने. दुपारी दोनपर्यंत अकरांपैकी आठ मुले संघातून निघाली होती. बेसबॉलला नऊ खेळाडू लागतात. संजना शाळेतून आली तेव्हा तिला हे तनिषने सांगितले होते.

ती दप्तर न काढताच वडिलांना फोन लावून रडली. "पपा, यू किल्ड द टीम! आय हॅड वन थिंग. वन थिंग!"

धनंजय ऑफिसमधून अर्धा दिवस रजा टाकून आला. येऊन तो हॉलमध्ये वडिलांच्या उलट दिशेने फिरू लागला. दोघे दर फेरीला सोफ्यापाशी एकमेकांना ओलांडत.

सहा वाजता बेल वाजली. दारात बॅटींच्या दोन लांब पिशव्या घेतलेला एक उंच तरुण होता. त्याच्यामागे गुंडाळलेली गादी कवटाळून एक टक्कल पडलेले गृहस्थ.

"कोच!" संजना ओरडली.

"गणपतराव शिगवण, माजी पोलीस पाटील, तुम्हीच का?" टक्कलवाल्याने विचारले. ते मिल्ड्रेडचे यजमान जोकिम होते. "रजिस्टरमध्ये तुमचं अक्षर वाचलं. काय सुंदर अक्षर हो! मी तिला सांगितलं, अगं वेडे, म्युनिसिपालिटीचा माणूस हुद्दा म्हणून 'माजी पोलीस पाटील' कशाला लिहील? हा आपल्याकडचा म्हातारा आहे. स्थळ बघायला आला असेल."

"पण मावशी ऐकायला तयार नाही," सॅव्हियो म्हणाला. "तिने भिंती काढल्या, सगळ्यांना पाठवून दिलं. माझी खाट पण गेली. म्हणते, आठवडाभर कोणी घरात पाऊल टाकायचं नाही."

"मी नवरा आहे तिचा," जोकिम म्हणाले. "तरी मला पण काढलं. म्हणाली, तू दिसायला पार्टिशनवाल्यासारखा दिसतोस."

सॅव्हियो धनंजयकडे वळला. "सर, काय माहिती पाहिजे होती तुम्हाला? मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"तुला विचारून काय उपयोग?" गणपतराव म्हणाले. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

ममता बाहेर आली. तिने गादी पाहिली, बॅटी पाहिल्या, नवऱ्याकडे आणि सासऱ्यांकडे पाहिले. "आत या," ती पाहुण्यांना म्हणाली. "यांनी तुमचं घर उठवलंय, आता हे घर तुमचं. हॉलमध्ये झोपा."

जेवताना धनंजयने विषय काढला. "हे बघा सॅव्हियो, संजनाच्या फॉर्मबद्दल म्हणाल तर तो अजून विचाराधीन आहे. एकतीस प्रश्न झालेत."

सॅव्हियोने घास हातात धरून ममताकडे पाहिले. ममताने त्याच्या ताटात आणखी एक घावन टाकले. "खा," ती म्हणाली. सॅव्हियो खाऊ लागला.

खरा प्रश्न फॉर्मचा नव्हताच. संघच उरला नव्हता. गुरुवारी आठपर्यंत नऊ मुलांचे फॉर्म आले नाहीत, तर क्लब मस्कतचे नाव मागे घेणार होता. धनंजयने ग्रुपवर लिहिले की कोच देशातच आहेत. कोणी विश्वास ठेवला नाही. 'भाई, काल तूच तर म्हणालास गेला म्हणून,' एकाने लिहिले. शेवटी त्याने सगळ्यांना गुरुवारी सहा वाजता घरी बोलावले: कोच स्वतः उपस्थित राहतील, डोळ्यांनी बघून जावे.

बघायला सगळेच आले. आठ घरची माणसे, बरोबर मुले, मुलांबरोबर त्यांची भावंडे. तनिषचा बाप तर दोन तास आधीच भरलेला फॉर्म खिशात घालून आला होता. दाराबाहेर सव्वीस जोड चपला झाल्या. सॅव्हियो सोफ्यावर गुडघे जुळवून बसला होता. ममता पोहे फिरवत होती. जोकिम कोपऱ्यात गादीवर बसून सगळ्यांना नमस्कार करत होते.

कोचला कोणीच काही विचारले नाही. त्याच्याकडे एकदा बघून सगळे गणपतरावांकडे वळले. घरात म्हातारे माणूस असल्यावर विचारायचे ते त्यालाच.

"चाचा, लडका कैसा है?" बिलकीस नावाच्या बाईने विचारले. तिची मुलगी अफनान संघाची पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, होती. तीच निघून गेल्यामुळे बाकीचे निघाले होते. "गुस्सेवाला तो नहीं?"

"घर में कौन कौन है?" दुसऱ्याने विचारले.

"पहले वाली टीम क्यों छोड़ी?"

गणपतराव उभे राहिले आणि अडकले. हे सगळे त्यांचेच प्रश्न होते. बावीस वर्षांत त्यांनी ओळख नसलेल्या माणसाला कधी दाखला दिला नव्हता, आणि हा माणूस त्यांच्या घरात येऊन उणेपुरे चोवीस तास झाले होते. त्यांनी सवयीने बाल्कनीकडे जायचा प्रयत्न केला, पण वाटेत माणसे बसली होती.

"चाचा, मैं आप की जिम्मेदारी पे भेजूँ?" बिलकीस म्हणाली.

संजना दाराच्या चौकटीला टेकून आजोबांकडे बघत होती. ओठ घट्ट मिटलेले.

"मला जास्त काय माहीत नाय," गणपतराव मराठीतच बोलू लागले; जोकिम गादीवरून हिंदी करून सांगत होते. "आज सकाळी या पोरीचा बॉल तुळशीच्या कुंडीवर बसला. कुंडी फुटली. हा पोरगा ओरडला नाय. आधी तिचे पाय बघितले, कुठे खापर लागलं का म्हणून. मग झाडू आणला. झाडू स्वतः नाय मारला, तिच्या हातात दिला आणि सुपली आपण धरून बसला. माती भरून झाली तसा म्हणाला, आता आईला जाऊन सांग, मी नाय सांगणार." ते थांबले. "बाकी तो कुठला, कोणाचा, मी काय सांगू? पण या पोरीला मी पाठवीन."

शेवटचे वाक्य जोकिमनी हिंदी करायच्या आधीच बिलकीसने पेन मागितले.

तेवढ्यात पुन्हा बेल वाजली. खालच्या वॉचमनने सव्वीस जोड चपला आणि आदल्या दिवशी वर गेलेली गादी पाहून इमारतीच्या मॅनेजरला बोलावले होते. मॅनेजरच्या गळ्यात ओळखपत्र होते आणि हातात क्लिप लावलेला कागद.

"हाऊ मेनी पीपल आर लिव्हिंग हिअर?"

धनंजय दार अडवून उभा राहिला. "ओन्ली फॅमिली, सर."

मॅनेजरने आत डोकावले. बिलकीस, तिचा नवरा, केरळचे जोडपे, फिलिपिन्सची आई, लेबनॉनचे बाबा, चौदा मुले आणि गादीवर जोकिम.

"ऑल फॅमिली?"

"ऑल फॅमिली," बिलकीस आतून ठणकावून म्हणाली. "हमारे चाचा का घर है. पोहा खाएंगे?"

मॅनेजरने पोहे खाल्ले. खाताना त्याने दोनदा माणसे मोजली, दोन्ही वेळा आकडा वेगळा आला, तेव्हा त्याने नाद सोडला. जाताना त्याने सॅव्हियोला विचारले की सहा वर्षांच्या मुलाला घेतात का.

फॉर्म येत होते. सॅव्हियो एकेक घेऊन मोजत होता. धनंजय माणसे बसवत होता, पेने पुरवत होता, कोणाला पासपोर्टची झेरॉक्स काढून देत होता. आठ वाजायला पाच मिनिटे असताना त्याचा हात क्लिपवर गेला. एकतिसाव्या प्रश्नावर पान तसेच होते, आणि खालचा क्लबचा फॉर्म कोरा.

"सॅव्हियो! किती झाले?"

"बारा, सर. फुल."

"तनिष?"

"तो तेरावा. वेटिंगला."

"नाही, मी विचारतोय, संजना..." सगळ्यांची मुले धनंजयने स्वतःच्या हाताने संघात बसवली होती. कोरा फॉर्म हातात घेऊन तो मुलीकडे बघायचे टाळत उभा राहिला.

"सर, संजना पहिलीच आहे," सॅव्हियो म्हणाला. त्याने गठ्ठ्याच्या तळाचा फॉर्म काढला. त्यावर रविवारची तारीख होती आणि सही ममताची.

धनंजयने सही दोनदा वाचली.

"रविवारी?" धनंजय म्हणाला. "आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस?" हा प्रश्न सॅव्हियोला होता की बायकोला, ते त्यालाही कळले नाही.

"तुम्ही मला विचारलंच नाही, सर," सॅव्हियो म्हणाला. "वॉचमनला विचारलं."

संजना आईकडे बघत होती. "मम्मा! यू न्यू? मी तीन दिवस रडले!" त्या आठवड्यातले तिचे हे पहिले मराठी वाक्य.

"सॉरी गं," ममता म्हणाली, आणि तिने मुलीला जवळ ओढले. "बुधवारी सांगणार होते. पण तेव्हा टीमच नव्हती, काय सांगू?"

गणपतराव सुनेसमोर येऊन उभे राहिले. रागाने नाही. ते चौकशीला उभे राहत तसे, पाठीमागे हात बांधून.

"कोणाकोणाला विचारलंस?"

"ट्रायआउटच्या आधीचा आणि ट्रायआउटचा, असे दोन शनिवार मैदानावर बसले. मुलांच्या हातून बॉल सुटला की हा कसा बोलतो ते बघितलं. मग गेल्या वर्षीच्या चार मुलांच्या आयांना फोन केले. वीस मिनिटं लागली."

"वॉचमनला नाय विचारलं?"

"नाही, बाबा."

"हं." त्यांनी थोडा विचार केला. "मग मला इस्त्री कशाला काढून दिलीस?"

ममताने पोह्यांचे पातेले खाली ठेवले. "आल्यापासून तुम्ही घराबाहेर पडला नव्हतात. दोन घास खायचे आणि हॉलमध्ये फेऱ्या मारायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर जायचा शर्ट काढलात. मी म्हटलं, होऊ दे चौकशी."

पाहुणे निघेपर्यंत गणपतराव दाराशी उभे राहिले आणि प्रत्येकाला त्याची चप्पल शोधून देत राहिले.

डिसेंबरात ड्यून लोकस्ट्स मस्कतला तिन्ही सामने हरले. संजना दोनदा पहिल्या बेसपर्यंत पोचली आणि एकदा पंचांशी भांडली. जोकिम आठवड्यासाठी आले होते, ते एकोणीस दिवस राहिले. मग मिल्ड्रेड स्वतः येऊन त्यांना गादीसकट घेऊन गेली. जानेवारीत व्हिसा संपला आणि गणपतराव गावी परतले. तिथे त्यांना अधूनमधून अमिरातीतून फोन येत. पलीकडे कोणा अनोळखी मुलाची आई असे आणि ती विचारी, "कोच कैसा है?" ते तुळशीची कुंडी कशी फुटली इथपासून सुरुवात करीत.

पुढच्या सप्टेंबरात नव्या सीझनचा फॉर्म आला. धनंजयने तो न वाचता सही करून दिला. ममताने वाचला. शेवटच्या पानावर क्लबने नवी ओळ छापली होती: 'कोचबद्दल माहिती हवी असल्यास संपर्क: श्री. गणपत शिगवण', आणि पुढे भारतातला नंबर. ममताने त्या ओळीखाली रेघ मारली आणि हे नाव काढावे लागेल असे क्लबला कळवले.

गणपतराव शिगवण २०२४ सालच्या ऑगस्टच्या चार तारखेला, रविवारी दुपारी, आपल्या गावी वारले.